ई-सिगारेट सोडताना होणारी घसरण आणि सोबतीचा हात

ई-सिगारेट सोडलेला मुलगा दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा ओढू लागला असे कळते, तेव्हा घरातला पहिला उद्गार बहुधा ठरलेला असतो : ‘तुझ्याकडून काही होणार नाही.’ हे वाक्य रागाने उच्चारले जाते, पण त्यामागे भीती असते. आईवडिलांना वाटते, सर्व कष्ट वाया गेले. मुलालाही तेच वाटते. या एकाच समजुतीमुळे घसरलेला माणूस पुन्हा उभा राहण्याऐवजी तेथेच बसकण मारतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील गेल्या नव्वद वर्षांचा अनुभव मात्र निराळे सांगतो. ई-सिगारेट म्हणजे काय, ती सोडताना घसरण का होते आणि अशा वेळी इतरांनी काय करावे, याची माहिती आम्ही प्रस्तुत लेखात देत आहोत. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या परिसरातील कुटुंबे आमच्या डोळ्यांसमोर आहेत. परंतु अन्यत्रच्या वाचकांनाही ही माहिती उपयोगी पडावी.

ई-सिगारेट म्हणजे काय?

ई-सिगारेट अथवा व्हेप हे विजेरीवर चालणारे छोटे उपकरण आहे. त्यातील द्रव पदार्थ तापलेल्या तारेमुळे सूक्ष्म तुषारांत रूपांतरित होतो आणि ओढणारा ते तुषार फुप्फुसांत घेतो. या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फळांचे अथवा मिठाईचे स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटीन असते. ‘ही नुसती वाफ आहे’ असे विक्रेते सांगतात; ते खरे नव्हे. निकोटीन हे तंबाखूतील व्यसन लावणारे द्रव्य आहे. ओढल्यापासून काही सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि दोन-एक तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणूनच तलफ वारंवार येते. मेंदूची वाढ वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असल्यामुळे किशोरवयीन मुलांना हे व्यसन लवकर जडते. १३ ते १५ वर्षे वयाची किमान दीड कोटी मुले जगात ई-सिगारेट ओढतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने ई-सिगारेटवर बंदी आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात यांसाठी पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. साठा करणाऱ्यासही शिक्षा आहे. तथापि ओढणाऱ्यासाठी या कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, आणि डॉक्टरांकडे जाऊन ‘मला हे सोडायचे आहे’ असे म्हणणे हा कोणताही गुन्हा नव्हे. ही गोष्ट पालकांनी मुलांना स्पष्टपणे सांगावी. कारण बंदीच्या भीतीने अनेक मुले मदत मागत नाहीत.

न दिसणारे व्यसन

गिरणगावाने तंबाखू पाहिलेला आहे. गिरणीच्या फाटकाबाहेर विडी शिलगावणारे, खाणावळीत जेवणानंतर चंची उघडून शेजाऱ्यापुढे चुना-तंबाखू धरणारे कामगार ज्यांनी पाहिले, त्यांना ते व्यसन लपवावे लागत नव्हते. विडीला वास होता, राख होती, काडेपेटी होती. सोडलेला माणूस पुन्हा ओढू लागला, की चाळीला संध्याकाळपर्यंत कळत असे. त्यात फजिती होती, परंतु त्याबरोबर कोणीतरी खांद्यावर हात ठेवून ‘काय रे, पुन्हा?’ असे विचारण्याची शक्यताही होती.

ई-सिगारेटच्या बाबतीत तसे होत नाही. पेनासारखे अथवा पेनड्राइव्हसारखे दिसणारे उपकरण मुठीत मावते. वास आंब्याचा वा पुदिन्याचा, तोही क्षणभर. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असली, तरी जिन्याच्या वळणावर, गच्चीवर अथवा स्वच्छतागृहात दोन झुरके घेऊन मुलगा परत येतो आणि कोणास पत्ता लागत नाही. सिगारेटच्या पाकिटावर २०१८ पासून व्यसन सोडण्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो; चोरून आलेल्या या उपकरणावर तोही नसतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. या व्यसनात घसरण झाली तर ती इतरांना आपोआप कळणार नाही. घसरलेल्याने स्वतः सांगितली तरच कळेल. आणि तो तेव्हाच सांगेल, जेव्हा सांगितल्यावर आपला पाणउतारा होणार नाही याची त्यास खात्री असेल. म्हणजे सोबतीची तयारी घसरणीच्या दिवशी करून भागत नाही. ती आधीच करावी लागते.

घसरण का होते?

निकोटीन बंद केल्यावर चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे, एकाग्रता न होणे, भूक वाढणे, उदास वाटणे ही लक्षणे दिसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वांत तीव्र असतात आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. प्रत्येक तलफ मात्र थोड्या मिनिटांचीच असते. ती टळली की लाट ओसरते.

मग दोन-तीन महिन्यांनी घसरण का व्हावी? कारण शरीरातून निकोटीन गेले, तरी सवयीच्या खुणा जागच्या जागी राहतात. दादर स्थानकाबाहेरची तीच टपरी, महाविद्यालयाबाहेरचा तोच कट्टा, परीक्षेची रात्र, मांडवाचे काम आटोपल्यावरची पहाट, भांडण झाल्यावरची गच्ची. त्या जागी, त्या वेळी मेंदू जुनी मागणी पुन्हा करतो. त्यात एखादा मित्र उपकरण पुढे करतो, ‘एकाने काय होते?’ असे म्हणतो, आणि हात पुढे जातो. हे दुबळ्या मनाचे लक्षण नसून व्यसनाचे लक्षण आहे. सिगारेट ओढणाऱ्यांचा कॅनडात दीर्घकाळ पाठपुरावा करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज मांडला, की कायमचे यश येण्यापूर्वी माणूस सरासरी ३० किंवा त्याहूनही अधिक वेळा सोडण्याचा प्रयत्न करतो. तिसऱ्या प्रयत्नात फसलेल्या मुलास ‘तुझ्याकडून होणार नाही’ असे सांगणारे किती घाई करतात, हे या आकड्यावरून ध्यानी यावे.

पाय घसरणे आणि पडून राहणे

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एका साध्या भेदावर भर आहे : एकदा पाय घसरणे निराळे आणि पूर्ववत व्यसनी होणे निराळे. या दोहोंच्या मध्ये काही तास अथवा काही दिवस असतात. त्या काळात माणूस स्वतःशी काय बोलतो, यावर पुढचे ठरते. ‘मी शपथ मोडली, मी असाच आहे, आता ओढले काय आणि न ओढले काय’ असे तो म्हणू लागला, की अपराधीपणाच त्यास पुढच्या झुरक्याकडे ढकलतो. याउलट ‘कोठे चुकले? कोण बरोबर होते? पुढच्या वेळी काय करीन?’ असे प्रश्न त्याने विचारले, तर तीच घसरण धडा ठरते.

येथे एक सावधगिरी हवी. घसरण क्षम्य आहे याचा अर्थ ती क्षुल्लक आहे असा नव्हे. ‘अधूनमधून चालायचेच’ असे म्हणणारा मित्र आणि ‘तू संपलास’ असे म्हणणारा बाप, दोघेही एकाच ठिकाणी नेऊन सोडतात. पाय घसरल्यावर त्याच दिवशी उठायचे असते. पुढच्या सोमवारी नव्हे.

एका घसरणीतून मोजला जाणारा आरंभ

दारूच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांची ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना आज जगभर आहे. तिच्या आरंभाची कथा या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा गृहस्थ धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी आला होता. दारू सोडून त्यास जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले, हॉटेलातील मद्यगृह समोर होते. त्याने तेथे जाण्याऐवजी दूरध्वनी उचलला आणि शहरातील एका धर्मोपदेशकास गाठले. त्यातून त्याची भेट डॉ. बॉब स्मिथ या व्यसनग्रस्त शल्यविशारदाशी झाली. दोघे बोलत राहिले आणि डॉक्टरांची दारू सुटली. पण थोड्याच दिवसांत डॉक्टर एका वैद्यकीय संमेलनास गेले आणि तेथे पुन्हा प्याले.

बिल तेव्हा त्यांच्याच घरी राहत होता. तो निघून गेला नाही. त्याने व डॉक्टरांच्या पत्नीने त्यांची शुश्रूषा केली. एका ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांचे हात थरथरू नयेत म्हणून त्यांना बिअर देण्यात आली, आणि तोच त्यांचा शेवटचा घोट ठरला. तो दिवस १० जून १९३५. १९५० साली मृत्यू येईपर्यंत डॉक्टर पुन्हा प्याले नाहीत. संघटना आपला आरंभ त्याच दिवसापासून मोजते. पहिल्या भेटीचा दिवस तिने निवडला नाही. घसरणीनंतर उठण्याचा दिवस निवडला.

आपल्या महाराष्ट्रातही याच मार्गाने कार्य झाले. वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चमध्ये १९८१ साली फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. ते स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले होते आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना त्यांनी आपले गुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगसाधनेची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, त्यास पु. ल. देशपांडे यांचे साहाय्य लाभले. येथेही उपचार घेऊन बाहेर पडलेल्या माणसांचा पाठपुरावा आणि परस्परांची सोबत यांस मोठे स्थान आहे. या संस्थांची सुरुवात दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांपासून झाली. निकोटीनचे व्यसन तितके उग्र दिसत नाही. परंतु घसरलेल्यास घसरून उठलेल्याची सोबत लागते, हे तत्त्व तेथेही तेच आहे.

सोबतीचे मोजमाप

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १२,०६७ व्यक्तींचा १९७१ ते २००३ असा बत्तीस वर्षे मागोवा घेण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पती वा पत्नीने धूम्रपान सोडले, तर जोडीदाराने ते करीत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली. मित्राने सोडले तर ३६ टक्क्यांनी, भावंडाने सोडले तर २५ टक्क्यांनी. माणसे एकेकटी नव्हे, तर गटागटाने धूम्रपान सोडत होती, असे संशोधकांस आढळले. चाळीत आणि मंडळात वाढलेल्या माणसास यात नवल वाटू नये. जे व्यसन मित्रमंडळींत लागते, ते मित्रमंडळींतच सुटणे सोपे जाते.

ई-सिगारेटविषयी असे अभ्यास अलीकडे होऊ लागले आहेत. १८ ते २४ वयाच्या २,५८८ अमेरिकी तरुणांच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. काहींना मोबाइलवर दररोज धीर देणारे लघुसंदेश मिळत. त्यांत व्यसन सोडणाऱ्या इतर तरुणांचे बोल असत. सात महिन्यांनंतर संदेश मिळणाऱ्यांपैकी २४.१ टक्के ई-सिगारेटपासून दूर होते, न मिळणाऱ्यांपैकी १८.६ टक्के. फरक मोठा नाही. परंतु अनोळखी माणसाच्या चार ओळींनी एवढे होत असेल, तर घरच्या माणसाने किती होईल?

२०२५ साली १६ ते २५ वयाच्या २६१ जणांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत व्हॅरेनिक्लिन या औषधासोबत दर आठवड्यास समुपदेशन दिले गेले. बारा आठवड्यांच्या शेवटी औषध घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के मुक्त होते. औषधाऐवजी निष्प्रभ गोळी व तेच समुपदेशन मिळालेल्यांपैकी १४ टक्के. म्हणजे औषधाचा उपयोग मोठा आहे आणि त्यास कमीपणा मानू नये. पण उपचार संपून चोविसावा आठवडा उजाडला, तेव्हा ५१ चे २८ टक्के झाले होते. औषधाची मुदत संपते. त्यानंतरचे महिने कोणाच्या तरी सोबतीनेच काढावे लागतात.

मदत कोठे मिळेल?

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे. ही सेवा २०१६ साली दिल्लीत सुरू झाली आणि पुढे तिचा विस्तार झाला. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरविण्यास साहाय्य करतात आणि नंतर स्वतःहून दूरध्वनी करून चौकशीही करतात. मन फार खचले असेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे.

परळ येथे १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. देशातील पहिल्या तंबाखूमुक्ती केंद्रांपैकी एक २००२ च्या सुमारास तेथे सुरू झाले. जवळच महापालिकेचे केईएम रुग्णालय असून त्याच्या मनोविकार विभागात व्यसनांवर उपचार होतात. निकोटीनचे च्युइंगम, पट्ट्या अथवा गोळ्या यांपैकी काय व किती घ्यावे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. विशेषतः मुलगा अल्पवयीन असेल तर.

घरच्यांनी आणि मित्रांनी काय करावे?

सोडण्याची तारीख ठरली, की मुलाने दोन माणसे निवडावीत : एक घरातले, एक बाहेरचे. वडील रागीट असतील तर मामा, आत्या, ताई अथवा जुने शिक्षक चालतील. घसरण झाली तर त्याच दिवशी या दोघांपैकी एकास सांगायचे, असा शब्द मुलाने द्यावा. आणि ऐकून घेताना ओरडणार नाही, असा शब्द त्या दोघांनी द्यावा. दुसरा शब्द पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

घसरण झाल्याचे कळले, की प्रथम उपकरण घराबाहेर घालवावे. त्यात विजेरी असल्यामुळे ते जाळू नये, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नये, ई-कचऱ्यात द्यावे. नंतर शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात : कोठे होतास, कोणाबरोबर होतास, त्याआधी काय घडले होते? उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. पुढची धोक्याची जागा त्यातूनच कळते. तलफ येईल तेव्हा चार उपाय : थोडा वेळ थांबणे, दीर्घ श्वास घेणे, घोटघोट पाणी पिणे आणि दुसऱ्या कामास लागणे. पाचवा उपाय म्हणजे त्या दोघांपैकी एकास दूरध्वनी करणे. ‘खाली ये, जरा फिरून येऊ’ असे म्हणणारा मित्र चौपाटीपर्यंत बरोबर चालला, तर तेवढ्यात लाट ओसरलेली असते.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पाहुण्यांसमोर विषय काढू नये. दप्तर व खिसे रोज तपासू नयेत; त्याने लपविण्याची कला वाढते, व्यसन कमी होत नाही. नव्याने शपथा घालू नयेत. मोडलेल्या शपथेचे ओझे आधीच असते. सोडल्यापासून किती दिवस ई-सिगारेटविना गेले, त्यांची बेरीज ठेवावी आणि घसरण झाली म्हणून ती पुसू नये. नव्वद दिवसांपैकी एक दिवस गेला असेल, तर एकोणनव्वद दिवस त्याने कमावलेलेच आहेत. आणि घरातील मोठी माणसे स्वतः मिश्री, तंबाखू अथवा सिगारेट सोडण्यास त्याच तारखेपासून तयार झाली, तर याहून मोठा आधार नाही.

गणेशोत्सव मंडळे, व्यायामशाळा, महिला मंडळे आणि आपल्या धर्मग्रामांतील युवक संघ यांना आमची एक विनंती आहे. व्यसनाविरुद्ध भाषणे व फलक पुष्कळ झाले. त्याऐवजी आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली उघडी ठेवावी. सोडू पाहणारे, सोडून घसरलेले आणि घसरून उठलेले तेथे बसतील. नाव विचारू नये, नोंद ठेवू नये, उपदेश करू नये. चहा असला तर उत्तम.

ज्या घरात अशी घसरण नुकतीच उघड झाली आहे, त्यांनी आज रात्री एवढेच करावे : मुलाचे ताट नेहमीप्रमाणे वाढावे, जेवणानंतर त्याच्यासोबत गॅलरीत उभे राहावे आणि म्हणावे, ‘बरे झाले, सांगितलेस. उद्या सकाळी आपण दोघे फोन करू.’ पुढचा प्रयत्न तेथूनच सुरू होतो.